पहिल्या वर्षी पहिली तुकडी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ जुलै २०२५

काका,

आधी पाया पडते, भांडायचं नंतर बघू.

होस्टेलला येऊन आठवडा झाला. खो-खोचं काही असेल तर फोनवर बोलायचं नाही, लिहायचं, असं तुम्ही बजावलं होतं. कारण फोनवर मी तावातावानं बोलते आणि तुम्ही नुसतं "हं, हं" करता. तर घ्या, लिहिलं. कृष्णाभाऊ रोज पिशोरहून अद्रक घेऊन मार्केटला येतो, त्याच्याच पिकअपमधून हे पत्र येईल. गोण्यांत पडून त्याला अद्रकीचा वास लागला तर मला बोलू नका.

इथलं मैदान मोठं आहे, माती मऊ आहे, दगड शोधून सापडत नाही. इंद्रजीत सरांनी कन्नडच्या स्पर्धेत मला पळताना पाहून कॉलेजात आणलं, हे सगळ्या पोरींना माहीत झालंय, त्यामुळे त्या मला निरखून बघतात. कर्णधार वैदेहीताई तिसऱ्या वर्षाला आहे. घर गारखेड्यातच, वडील बँकेत. ती इतकं स्वच्छ बोलते की तिच्यासमोर मी "लई" म्हणायच्या आधी थांबते आणि मग मुद्दाम म्हणते.

मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती तुम्हाला ठाऊक आहे. पळणाऱ्या नऊजणींच्या इथंही तिघी-तिघींच्या तीन तुकड्या असतात. पहिली तुकडी ज्यांची पक्की, त्यांचा निम्मा सामना तिथंच होतो. मला त्या पहिल्या तुकडीत उतरायचंय. होस्टेलातल्या पोरी हसल्या. म्हणाल्या, पहिल्या वर्षाची मुलगी या कॉलेजात कधी पहिल्या तुकडीत उतरलेली नाही. मी म्हटलं, मग आता उतरेल.

हा माज नाही. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही फाटकाजवळ सरांशी बोलत होतात, तेव्हा दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "एक वरीस. विद्यापीठाच्या संघात नाव आलं तर शीक, खेळ, मी आडवा येनार नाय. नाय आलं तर पुढच्या जूनला कन्नडला नर्सिंगला." विद्यापीठाचा संघ ऑक्टोबरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेतून निवडतात. तिथं जी पळत नाही, ती कुणाला दिसत नाही. आईला यातलं काही सांगू नका, ती उगाच काळजी करेल.

तुमची,
सोनिया


पिशोर
२० जुलै

सोनिया,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात कागद घालवत नाही.

दादाच्या अटीचं मला माहीत नव्हतं. वाचून भाकरी गोड लागली नाही. त्याच्याशी मी बोलतो, तो तुझा बाप असला तरी माझा थोरला भाऊ आहे, आमचं आम्ही बघून घेऊ. तू त्यात पडू नकोस.

पण तुला पहिल्या तुकडीची एवढी घाई कशाला? आपल्या पिशोरच्या खो-खो मंडळाचा रिवाज विसरलीस का? नवा गडी पहिलं वर्ष मैदानाला पाणी मारतो, फक्की टाकून रेषा आखतो आणि बसून दुसऱ्यांचा खेळ बघतो. माणसांसमोर पळत नाही. मी तसाच शिकलो. तूही चौथीत असताना वर्षभर फक्कीनं पांढरी होऊन घरी जायचीस आणि वहिनी मला शिव्या घालायच्या. त्या वर्षानं तुझं काय वाईट झालं? उलट कोण कुठल्या पायावर वळतं ते तुला तेव्हाच दिसायला लागलं.

तेव्हा बसावं लागलं तर बस. बसण्यात कमीपणा नाही. खात जा नीट. कृष्णाजवळ शेंगदाण्याची चटणी दिली आहे.

कारभारीकाका


गारखेडा
६ सप्टेंबर

काका,

चटणी संपली आणि माझी सहनशक्तीही.

मागच्या आठवड्यात सरांनी आमच्यातच दोन संघ पाडून सामना लावला. वैदेहीताई पाठलागाला होती. मी बसलेल्या पोरींच्या मधून साखळीत पळत राहिले, ती दोनदा हातभर अंतरावर आली आणि दोन्ही वेळा मी तिला हुलकावणी दिली. शेवटी ती गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या, पण माझ्याशी बोलली नाही.

काल संघ जाहीर झाला. पहिल्या तुकडीत वैदेहीताई आणि तिच्याच शाळेतल्या दोघी. दुसऱ्या तुकडीत मी नाही. तिसऱ्यातही नाही. मी राखीव. काका, राखीव म्हणजे ट्रॅकसूट घालून पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या.

मी सरांना सगळ्यांसमोर विचारलं, "सर, माझं काय चुकलं?" ते हातातल्या शिट्टीकडे बघत म्हणाले, "चुकलं काहीच नाही. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मी कन्नडला इंजेक्शनं भरायला शिकत असेन, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. घरची गोष्ट मैदानावर सांगायची नाही, एवढं तुम्हीच शिकवलंत.

हे सगळं वैदेहीताईचं आहे. मी पळाले ते तिला झोंबलं. या लोकांचं आपसात जमतं, शाळा एक, गल्ली एक. बाहेरून आलेल्या पोरीला जागा द्यायची म्हणजे आपल्यातल्या एकीची काढायची, ती कोण काढणार? मी गप्प बसणार नाही. काय करू ते तुम्ही सांगा, नाहीतर मला सुचेल ते करते.

सोनिया


पिशोर
११ सप्टेंबर

सोनिया,

सुचेल ते करू नकोस.

शहरातली माणसं अशीच असतात, त्यांचं मनावर घ्यायचं नसतं. त्या पोरीच्या नादी लागू नकोस. सरांनाही परत विचारू नकोस, जाणते आहेत ते. बाटल्या सांभाळायला लागल्या तर सांभाळ, त्यानं हात झिजत नाहीत.

दादाशी बोललो. बोललो म्हणजे भांडलो. मी म्हणालो, पोरीला अजून एक वर्ष दे. तो म्हणाला, "खेळून कुनाचं घर चाललंय रं कारभारी? तुझं चाललं का?" मी म्हणालो, माझं नाही चाललं, तिचं चालेल. त्यावर तो मका बघायला निघून गेला. दोन दिवस आमचं बोलणं नाही. वहिनी दोघांना वेगवेगळं वाढतात. पण मी सोडणार नाही, दिवाळीपर्यंत त्याला वळवतो. तू निर्धास्त बस.

काका


गारखेडा
२१ सप्टेंबर

काका,

काल सरावानंतर सगळ्या बूट काढत बसल्या असताना मी वैदेहीताईला म्हणाले, "ताई, तुमच्या शाळेतल्या मैत्रिणींची सोय लावून झाली असेल तर आम्हा खेड्यातल्यांनाही कधीतरी पळू द्या." ठरवून म्हणाले, मोठ्यानं म्हणाले.

ती उठली. मला वाटलं मारते की काय. ती म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं? मी तुझं नाव पहिल्या तुकडीत दिलं होतं. दोनदा दिलं. सर म्हणाले, तिच्या काकांना शब्द दिलाय, पहिलं वर्ष तिला बसवायचं. मला वाटलं तुलाच भीती वाटते आणि तू काकांना पुढं केलंस, म्हणून मी तुझ्याशी बोलत नव्हते."

सगळ्या पोरी ऐकत होत्या. मी बूट न काढताच होस्टेलला आले.

मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, आणि तुम्ही मला देऊ दिल्या. "शहरातली माणसं अशीच असतात", असं लिहिलंत. लिहिताना तुम्हाला माहीत होतं ना, की मला त्या शहरातल्या माणसांनी नाही, पिशोरातल्या माणसानं बसवलंय? तुम्ही माझ्यासाठी दादांशी भांडलात, हे वाचून मी डोळे पुसले होते. आता समजलं. तुम्हाला दादांकडून एक वर्ष जास्तीचं हवं होतं, म्हणजे मंडळाचा रिवाजही टिकेल आणि मीही टिकेन. सख्ख्या भावाशी बोलणं तोडलंत, पण सरांना एक फोन केला नाहीत.

तो फोन करा. शब्द परत घ्या. मला दुसरं काही ऐकायचं नाही.

सोनिया


पिशोर
२४ सप्टेंबर

सोनिया,

व्हय, मीच सांगितलं. प्रवेशाच्या दिवशी, फाटकापाशी.

त्या पोरीविषयी लिहिलं ते चुकलं. तिला तसं सांग, माझं नाव घेऊन सांग. बाकीचं चुकलेलं नाही.

पंचवीस वर्षं मी पोरं मैदानात उतरवतोय. चारचौघांसमोर आपटलेलं पोर परत रेषेच्या आत आणायला काय करावं लागतं, ते तुला ठाऊक नाही. घरी जावं लागतं, आईबापांना समजवावं लागतं, महिनाभर मागं लागावं लागतं, तरी काही येतच नाहीत. इथं आपटलीस तर उचलायला मी आहे. तिथं कोण आहे? सर दुसरी पोर शोधतील. म्हणून म्हटलं, एक वर्ष बस, मैदान ओळख, माणसं ओळख. तुला कमी लेखलं असतं तर पाठवलंच नसतं.

दादाची अट मला त्या दिवशी माहीत असती तर काय केलं असतं, ते सांगता येत नाही. पण शब्द दिलेला आहे. शब्द म्हणजे काय मार्केटला नेलेली अद्रक आहे का, भाव पडला म्हणून परत घरी आणायला? दादाला मी वळवणार म्हटलं ना. मग वळवणार.

रागावलीस तर रागाव. जेवत जा.

काका


गारखेडा
२९ सप्टेंबर

काका,

शब्द तुम्ही दिलात, मी दिला नव्हता.

मी सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, मला उतरायचंय. सर म्हणाले, "कारभारीरावांनी तुला माझ्याकडे दिली ती याच अटीवर." मी म्हणाले, "दिली म्हणजे? मी काय पिशोरच्या बाजारातला गोऱ्हा आहे, दावं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायला? मला अठरा वर्षं पूर्ण झालीत सर. मतदार यादीत माझं नाव आहे." ते हसले. मी दादांची अटही सांगितली. घरची गोष्ट बाहेर सांगितली, होय. ज्या घरानं मला न विचारता माझं ठरवलं, त्याची अब्रू आणखी किती राखू?

सर म्हणाले, शब्द मी मोडणार नाही. तेव्हा दाराशी उभी असलेली वैदेहीताई म्हणाली, "सर, पळणाऱ्यांच्या तुकड्यांची नावं टेबलावर कर्णधार देते ना?" सर म्हणाले, "नियमानं कर्णधारच देते. मी त्या वेळी बहुतेक चहाला गेलेलो असेन."

ती स्वतः दुसऱ्या तुकडीत जाते आहे. तिची जागा मला. मी तिची माफी मागायला लागले तर म्हणाली, ते सामना झाल्यावर, आता साखळी पळून दाखव.

तुम्ही विचारलंत, तिथं उचलायला कोण आहे. मी जिला सगळ्यांसमोर बोलले, ती आहे. आणि ती नसली तरी मला उठता येतं.

स्पर्धा ८ ऑक्टोबरपासून, क्रीडा संकुलात. या किंवा येऊ नका. मी उतरणार आहे.

सोनिया


पिशोर
८ ऑक्टोबर

सोनिया,

तुझ्या पत्राला उत्तर लिहिलं नव्हतं. आज कृष्णा मार्केट आटपून संकुलात गेला होता. त्यानं येऊन सांगितलं. पहिल्या तुकडीत उतरलीस आणि घाम फुटायच्या आत बाद झालीस. पोरं हसली, असंही म्हणाला. सामना त्या वैदेहीनं वाचवला.

खोटं कशाला लिहू, ऐकून पहिल्यांदा मला बरं वाटलं. माझं खरं ठरलं असं वाटलं. मग तू तिथं बाटल्यांच्या शेजारी कशी बसली असशील ते डोळ्यांपुढं आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

आता तरी ऐक. पाय मुरगळला म्हणून सांग आणि पुढचे सामने बस. तुला कुणी नाव ठेवणार नाही. दादाला यातलं काही कळलेलं नाही, कृष्णाला मी गप्प केलंय. अजून काही बिघडलेलं नाही.

काका


गारखेडा
९ ऑक्टोबर, सकाळी

काका,

पाय मुरगळलेला नाही. दोन्ही धड आहेत.

बाद कशी झाले ते कृष्णाभाऊला दिसलं नसेल, म्हणून सांगते. पिशोरात आपलं मैदान मुरमाचं. तिथं खांबापाशी सूर मारायची कुणाची छाती नाही, गुडघे फुटतात. त्यामुळे दमलं की खांबाला चिकटून वळायचं, तिथं श्वास घ्यायचा, हे तुम्हीच माझ्या अंगात मुरवलंत. कॉलेजचं मैदान मातीचं असलं तरी सरावात आम्ही तिथंही जपूनच सूर मारतो. स्पर्धा मॅटवर आहे. मी सवयीनं खांबाजवळ गेले आणि समोरच्या पोरीनं खांबाला विळखा घालून असा सूर मारला की तिची बोटं माझ्या पोटरीला लागली तेव्हाच मला ती दिसली.

हसले लोक. मला ऐकू आलं. मेले नाही मी त्यानं.

वर्षभर बाकावर बसून मी तो सूर शंभरदा पाहिला असता आणि तरी खांबालाच जाऊन चिकटले असते. आता पोटरीला लागलाय, आता नाही जायची. माझी पहिल्या वर्षाची फक्की अशी टाकून झाली.

आज दुपारी उपांत्य सामना आहे, जिंकलो तर उद्या अंतिम. वैदेहीताईनं विचारलं, "घालू का नाव?" मी म्हणाले, "घाल." तुम्ही सुचवलेलं मुरगळणं मी तिला सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

कृष्णाभाऊ खाली हॉर्न वाजवतोय. येते.

सोनिया


पिशोर
११ ऑक्टोबर

सोनिया,

काल अंतिम सामन्याला मी आलो होतो. दादालाही आणलं. त्याला सांगितलं होतं की मार्केटला भाव बघायला जाऊ. गाडी संकुलाकडे वळली तेव्हा त्यानं कृष्णाला विचारलं, "इथं कुठं मार्केट रं?" कृष्णा म्हणाला, "आज इथंच भरलंय दादा."

आम्ही मागच्या भिंतीजवळ उभे राहिलो. तू पहिल्या तुकडीत आत आलीस तेव्हा मी खाली बघत होतो. दादानं मला कोपर मारलं, "बघ की." मग बघितलं. तू खांबाकडे एकदाही गेली नाहीस. मधल्या चौकातच पळत होतीस. बाकीच्या दोघी बाद झाल्या, दुसरी तुकडी रेषेबाहेर वाट बघत उभी राहिली, तरी तू होतीस. या संघातही खांबावर सूर मारणारी एक आडदांड पोर होती, तिनं तुझ्यासाठी दोनदा अंग टाकलं आणि दोन्ही वेळा मॅटला मिठी मारून उठली. दादा आधी हाताची घडी घालून उभा होता. मग त्यानं टोपी काढली, मग घातली, मग परत काढली. तू बाद झालीस तेव्हा तो पंचाला मोठमोठ्यानं बोलायला लागला, मला त्याला धरावं लागलं.

सामना हरलात, एका गुणानं. पण नंतर विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली ती आम्ही थांबून ऐकली. तुझं आणि वैदेहीचं. दादानं मला विचारलं, हे विद्यापीठाचे सामने कुठं असतात, आणि तिथं थंडी असते का. नर्सिंगचं नाव काढलं नाही. परतताना दौलताबादला चहाला थांबलो तेव्हा त्यानं पैसे दिले. तुला न भेटता निघालो, कारण त्याचे डोळे लाल झाले होते आणि ते त्याला तुला दाखवायचे नव्हते.

आता एक काम कर. वाटेत दादा म्हणाला, "कारभारी, तुझ्या मंडळात तर पहिल्या वर्षी बसवतात. ही कशी उतरली?" माझ्या तोंडून निघून गेलं की मीच सरांना सांगितलं होतं, हिला पहिल्याच वर्षी उतरवा. तो लई खूश झाला. आज सकाळपासून पारावर सगळ्यांना सांगत सुटलाय, माझ्या भावानं पोरीला बरोबर ओळखलं. तेव्हा दिवाळीला घरी येशील तेव्हा मला खोटं पाडू नकोस. एवढं कर काकासाठी.

कारभारीकाका


गारखेडा
१२ ऑक्टोबर

काका,

तुम्ही आलात, दादांना आणलंत, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि वैदेहीताईलाही वाचून दाखवलं. ती दिवाळीला पिशोरला येते आहे. तुमच्या मुरमावर तिला पळायचंय.

पण खोटं पाडणार. फाटकातून आत आल्या आल्या, आईनं ओवाळायच्या आधी, दादांना सांगणार. पारावर जाऊन सांगणार. चटणी मागा, मी वाटून देईन. मैदानाला पाणी मारायला सांगा, मारीन. तुम्ही म्हणाल त्या पोराला बोटाला धरून खेळ शिकवीन. हे मात्र मागू नका. तुम्ही नको म्हणालात आणि मी उतरले. सगळ्या स्पर्धेत माझं स्वतःचं असं तेवढंच आहे, आणि ते मी तुम्हालासुद्धा देणार नाही.

पाया पडते.

सोनिया